साखळीचं दुसरं टोक

आमच्या डोंगरात पोर बोलायला लागलं की आया लगेच आनंदाने नाचत नाहीत. आधी कान देऊन ऐकतात. पोर ‘आई’ म्हणालं, ‘भाकर’ म्हणालं, की त्यांचा जीव भांड्यात पडतो. पण एखादं पोर तिसऱ्या वर्षीच ‘हे माझं घर नव्हे’ किंवा ‘माझी गाढवी कुणी सोडली’ असं बोलून जातं आणि घरादाराची झोप उडते. म्हाताऱ्या सांगतात, भरल्या पोटी आणि शांत मनाने मेलेला माणूस सगळं विसरून परत येतो. ज्याच्या घशात काही अडकलेलं असतं, तो ते तसंच घेऊन येतो.

माझं नाव दीब, म्हणजे लांडगा. आईची चार लेकरं पाळण्यातच गेली होती, म्हणून उरलेल्या दोघांना तिने अशी नावं ठेवली की मरणानेही दोन पावलं मागे सरावं. थोरला सक्र, म्हणजे ससाणा. धाकटा मी. सक्रच्या बाबतीत मरणाने छत्तीस वर्षं दम धरला. माझ्या बाबतीत अजून धरलाय, आणि त्याचं कारण मला चांगलं ठाऊक आहे.

मी जन्मभर साखळी ओढली. इस्कंदरूनचा संजक, म्हणजे जिल्हा, फ्रेंचांच्या हाती होता तेव्हा मोजणीखात्यात साखळीवाला होतो. साखळी वीस मीटरची, लोखंडी, दोन्ही टोकांना मुठी. पुढचा माणूस टोक घेऊन चालत जातो, मागचा आपलं टोक धरून खुंटीपाशी थांबतो. मागच्याने धरून ठेवलं तरच माप खरं, नाहीतर सगळं मुसळ केरात. मी मागचा होतो. बारा वर्षं माझं काम एकच होतं, हातातलं सोडायचं नाही. बेलानच्या खिंडीत वारा माणसाला पाडायचा, तिथे नाही सोडलं. अमिकच्या तळ्यात कमरेएवढ्या चिखलात म्हशींनी साखळी शिंगांवर घेतली, तिथे नाही सोडलं. रैहानियाच्या धुळीत पुढचा माणूस दिसायचासुद्धा नाही, फक्त साखळी ताणली गेली की तो आहे हे कळायचं. वीस-वीस मीटर करत अख्खा संजक माझ्या मुठीतून गेलाय.

फ्रेंच साहेबाला वाटायचं की मुलूख कागदावर असतो. आमच्या डोंगरात तो गालावर असतो. हद्दीचा दगड रोवताना खड्ड्यात आधी मूठभर कोळसे टाकतात, कारण कोळसा कुजत नाही. मग एक रंगीत थाळी दोन तुकडे करून फोडतात. अर्धी दगडाखाली जाते, अर्धी गावात जपून ठेवतात. तिला आम्ही ‘साक्षीदार’ म्हणतो. दगड उभा राहिला की वडीलधारा विचारतो, “इथे सगळ्यात धाकटा कोण?” जो असेल त्याला पुढे ओढतात आणि कानाखाली सणसणीत एक ठेवून देतात. मारणारा म्हणतो, “लक्षात ठेव.” झालं. कागद जळतो, सरकार बदलतं, पण त्या पोराला साठ वर्षांनी विचारा, ते काठी टेकत येऊन नेमकी जागा दाखवील.

आमच्या ऐनतूतच्या आणि पलीकडच्या जोरा गावाच्या मधल्या खिंडीत बुत्माचं एक म्हातारं झाड आहे. सुलतानाच्या राज्यात त्याच्या मुळाशी दगड रोवला तेव्हा मी सहा वर्षांचा होतो. सगळ्यात धाकटा मीच. अब्बांचा हात उठेना, म्हणून त्यांनी सक्रला सांगितलं. तो अकरा वर्षांचा होता आणि डावखुरा होता. माझ्या उजव्या गालावर त्याची पाच बोटं दोन दिवस होती. घरी येताना त्याने खिशातले सगळे सुके अंजीर मला दिले आणि वाटभर माझ्यापेक्षा जास्त तोच रडला. माझा भाऊ असा होता.

आता मुद्द्याचं सांगतो. ऐनतूत म्हणजे तुतीचा झरा. गाव आमचं, नाव आमचं, आणि तो झरा मात्र दगडापासून नव्वद पावलांवर, हद्दीच्या पलीकडे, जोऱ्याच्या जमिनीत. जोऱ्याच्या बायका आमच्या बायकांना हसायच्या. “नाव तुमचं, पाणी आमचं,” म्हणायच्या. पाऊस चांगला होता तोवर आम्हीही हसून घेतलं. मग लागोपाठ दोन वर्षं कोरडी गेली. तुती वाळली, पाल्यावाचून रेशमाचे किडे सुपातच मेले. त्याच साली मोजणीची टोळी आमच्या खिंडीत येणार होती. आमचा मुख्तार, म्हणजे गावचा कारभारी घादीर, मला एका बाजूला घेऊन म्हणाला, “दीब, सरकारी साखळी तुझ्या हातात आहे. त्या सरकारला काय कळतंय दगड काल कुठे होता ते?”

टोळी यायच्या आदल्या दिवशी दुपारी मी खेचर, दोरखंड आणि माझी साखळी घेऊन वर गेलो आणि तो दगड झऱ्यापलीकडे नेऊन रोवला. हे मी केलं. खालची अर्धी थाळी उकरली नाही. घाईत होतो, आणि खरं सांगायचं तर तिला हात लावायची भीती वाटली.

त्याच दुपारी सक्र गेला. समुद्राकडून ढग आला, डोंगराने पागोटं घातलं, आणि खिंडीच्या कड्यावरून त्याचा पाय घसरला. मी गावात हेच सांगितलं. सगळ्यांनी मान डोलावली, कारण त्या कड्यावरून याआधीही माणसं गेली होती. दोन दिवसांनी त्याला पुरून आलेल्या हातांनीच मी साहेबापुढे साखळी धरली आणि झरा आमच्या बाजूला मोजला गेला.

तेव्हा ती रेघ कागदापुरतीच होती. इकडे इस्कंदरूनचा संजक, तिकडे लाताकियाचा मुलूख, आणि दोन्हीकडे साहेब एकच. जोऱ्याच्या बायका शिव्या घालत का होईना, घागरी भरून नेत होत्या. पण सात वर्षांनी बातमी आली की फ्रेंच चालले आणि संजक तुर्कस्तानात जाणार. म्हणजे माझी ती रेघ आता दोन देशांमधली होणार होती. पहारा बसणार, घागरी बंद. जोऱ्यात दुसरं पाणी नाही. नव्या हद्दीचे दगड ठरवायला दोन्ही बाजूंचे अधिकारी डोंगर चढत येत होते, आणि खिंडीतला दगड खरा कुठला हे सांगायला थप्पड खाल्लेला जिवंत माणूस एकच होता. तो गप्प बसला होता.

त्या वसंतात जोऱ्याचा यूनस आपल्या सहा वर्षांच्या मुलीला घेऊन आमच्या वहिनीच्या दारात आला. वहिनी म्हणजे नझीरा, सक्रची बायको. मी तिथेच ओसरीत पाल्याची मोळी सोडत होतो. आत किडे पाला खात होते, त्यांची कुरकुर भिंतीतून बाहेर ऐकू येत होती.

यूनस टोपी हातात घेऊन म्हणाला, “नझीराताई, रागावू नका. ही पोरगी, फिद्दा, तीन वर्षांची असल्यापासून म्हणतेय, मला ऐनतूतला न्या. आम्ही तोंड दाबलं, दटावलं. आता ऐकतच नाही. म्हणते, मी सक्र.”

वहिनी सुपातून वर न बघता म्हणाली, “सात वर्षांत मेला एकदा स्वप्नात आला नाही. आणि आता पोरगी होऊन येतोय? तिथेही झोपाच काढत असेल.”

मी म्हणालो, “यूनस, पोरीला छान पढवलंयस. पाण्याची तहान माणसाला काय काय सुचवते.”

“दीबभाऊ, खिद्र पीराची आण. मी काही शिकवलं नाही,” तो म्हणाला. त्याच्या डोळ्यांत खरोखर भीती होती, आणि ती माझी नव्हती, पोरीची होती.

फिद्दा काळीसावळी, किडकिडीत, पुढचे दोन दात पडलेले. ती दारात उभी राहून वहिनीकडे बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, “नझीरा, तू म्हातारी झालीस गं.”

“आणि तुझे दुधाचे दात पडलेत,” वहिनी म्हणाली. “मी काही बोलले का?”

यूनसला हसू आलं. मलाही येणार होतं. पण पोरगी हसली नाही. ती सरळ अंगण ओलांडून मधाच्या पोळ्यांमागच्या भिंतीशी गेली, खालून तिसरा दगड दोन्ही हातांनी हलवून काढला आणि आत हात घातला. पत्र्याची एक गंजलेली डबी बाहेर आली. डबीत तंबाखू होती, वाळून भुसा झालेली.

वहिनी ताडकन उठली. “सोडली म्हणून शपथ घेतली होतीस, मेल्या! खिद्रच्या दर्ग्यावर! माझ्या डोक्यावर हात ठेवून!” ती त्या एवढ्याशा पोरीवर ओरडत होती, आणि ओरडता ओरडताच खाली बसली आणि तोंडात पदर कोंबून रडायला लागली. फिद्दा तिच्या शेजारी बसली आणि डाव्या हाताने तिची पाठ थोपटू लागली, नवऱ्याने थोपटावी तशी.

त्या डबीबद्दल मलाही माहीत नव्हतं. यूनसला कुठून असणार? मी मोळी सोडणं थांबवलं.

यूनसने हलक्या आवाजात विचारलं, कारण आमच्याकडे हे विचारावंच लागतं, “सांग बाळा, तू कसा मेलास?”

पोरीने माझ्याकडे बघितलं. तोपर्यंत तिने माझ्याकडे एकदाही बघितलं नव्हतं.

“घसरलो,” ती म्हणाली. “ढग आला होता. दिसलं नाही. घसरलो.”

मला सुटका वाटली, हे लपवत नाही. ती खोटी होती तर! खऱ्या सक्रने हे सांगितलं नसतं. मी मनातल्या मनात हसलो आणि तिला बक्षीस म्हणून खिशातले अंजीर द्यायला पुढे केले. तिने डावा हात पसरला. तळहातावर, करंगळीच्या मुळापासून अंगठ्यापर्यंत, तांबूस खुणांची एक ओळ होती. एकात एक अडकवलेल्या लहान लहान कड्या. जन्मापासूनच आहेत, यूनस म्हणाला. पोरीने अंजीर घेतले, एक स्वतः खाल्ला आणि बाकीचे सगळे माझ्याच खिशात परत ठेवले.

बातमी दोन्ही गावांत पसरायला दुपारसुद्धा लागली नाही. जोऱ्याची माणसं म्हणाली, सक्र परत आलाय, त्यालाच विचारू दगड कुठे होता. आमचा घादीर म्हणाला, सहा वर्षांच्या पोरीच्या शब्दावर देशाची हद्द ठरत असती तर आम्ही कधीच पॅरिस जिंकलं असतं. शेवटी दोन्हीकडच्या म्हाताऱ्यांनी ठरवलं की दीबने खिद्रच्या दर्ग्यात शपथ घ्यावी. त्याने लहानपणी दगडापाशी थप्पड खाल्ली आहे, मोजणीही त्यानेच केली आहे. तो म्हणेल ते खरं.

आदल्या संध्याकाळी घादीर माझ्याकडे आला. “खोटं बोलू नकोस,” तो म्हणाला. “खिद्रसमोर खोटं बोलून कुणाचं भलं झालंय? फक्त खरं नीट निवडून बोल.”

मी निवडून बोललो. समुद्राकाठच्या त्या पांढऱ्या घुमटाला तीन फेऱ्या घातल्या, दाराशी जोडे काढले, उदाच्या धुरात दगडी चौथऱ्यावर हात ठेवला आणि मोठ्याने म्हणालो, “मोजणीच्या दिवशी दगड जिथे होता, तिथेच तो आज आहे. खिद्र साक्षी.” यातला एक शब्दही खोटा नव्हता. जोऱ्याच्या माणसांनी माना खाली घातल्या. आमच्यांनी माझ्या खांद्याचे मुके घेतले.

बाहेर येऊन मी जोड्यांत पाय घातले आणि तिथेच थबकलो. उजवा डाव्याच्या जागी होता आणि डावा उजव्याच्या. लहानपणी सक्र रोज हे करायचा. मी झोपलो असलो, जेवत असलो, नमाजाला गेलो असलो, की माझे जोडे उलटे लावून ठेवायचा आणि मी अडखळलो की लपून हसायचा. लग्न झाल्यावरही करायचा. ज्या दिवशी तो गेला त्या सकाळीही त्याने केलं होतं.

अंगणातल्या चिंचोळ्या सावलीत फिद्दा भिंतीला टेकून उभी होती. ती हसत नव्हती.

“कुणी केलं हे?” मी विचारलं.

“तू खोटं नाही बोललास,” ती म्हणाली. “तू कधीच खोटं बोलत नाहीस, दीबो.”

दीबो मला जगात एकच माणूस म्हणायचा. मी जोडे तसेच उलटे घालून घरापर्यंत चालत आलो. काढून नीट घालायला वाकायची माझी हिंमत झाली नाही.

आठवड्याने अधिकारी आले. एक तुर्क, नव्या टोपीतला, आणि एक फ्रेंच कप्तान, घामाने भिजलेला आणि घरी जायला उतावीळ. त्यांना त्या महिन्यात असे शेकडो दगड ठरवायचे होते. खिंडीत दोन्ही गावं जमली. आम्ही झऱ्याच्या पलीकडच्या त्या दगडापाशी उभे राहिलो. तुर्काने माझं जुनं माप वाचलं, कप्तानाने मान हलवली, दोन मजुरांनी दगडाच्या अंगावर नवा नंबर ठोकला. जोऱ्याच्या बायका घागरी घेऊन मागे उभ्या होत्या. कुणीही रडत नव्हतं, आणि तेच मला सहन होईना.

घादीरला काय सुचलं कोण जाणे. विजयाची नशा चढली की माणसाला रीतभात आठवते. तो ओरडला, “अरे, दगड नवा झाला, मग थप्पड नको का? इथे सगळ्यात धाकटा कोण?”

आमची माणसं हसली. कुणीतरी फिद्दाला पुढे ढकललं. खरंच तिथे तिच्याहून लहान कुणी नव्हतं.

“मी नाही,” ती म्हणाली. तिचा आवाज पोरीचाच होता, बारीक, पण खिंडीत सगळ्यांना ऐकू गेला. “मी थोरला आहे. धाकटा तो.”

ती सरळ माझ्यासमोर आली. मी वाकलो. का वाकलो ते मला आजही सांगता येणार नाही. अडतीस वर्षांचा बाप्या मी, सहा वर्षांच्या पोरीसमोर गाल पुढे करून वाकलो, जसा सहाव्या वर्षी वाकलो होतो. तिने डावा हात उगारला आणि माझ्या उजव्या गालावर मारलं. हात चिमुकला होता, पण मार सक्रचा होता. कानात तीच शीळ वाजली. मागे कुणीतरी देवाचं नाव घेतलं.

“लक्षात ठेव,” ती म्हणाली. मग माझ्या कानाशी तोंड आणून, फक्त मला ऐकू येईल असं म्हणाली, “सगळ्यांना मी घसरलो म्हणून सांगितलं. नझीरालाही सांगितलं. आता तू सांग.”

मी सरळ उभा राहिलो. समुद्राकडून ढग वर येत होता, त्या दिवशीसारखाच, पायांपासून सुरुवात करत. मी म्हणालो, “दगड इथला नाही.”

घादीर म्हणाला, “दीब, तोंड सांभाळ.”

“दगड इथला नाही. मी हलवला. खेचराने ओढून आणला. खरी जागा बुत्माखाली आहे. साक्षीदार अजून तिथेच आहे.” आणि मी चालायला लागलो. झरा ओलांडून पुढे नव्वद पावलं. सगळे माझ्यामागून आले, अधिकारीसुद्धा. मी गुडघ्यांवर बसून नखांनी माती उकरली. आधी कोळसे आले, मग निळ्या वेलबुट्टीची अर्धी थाळी. वहिनी केव्हा घरी धावली कुणाला कळलं नाही. ती परतली तेव्हा तिच्या ओच्यात दुसरी अर्धी होती, सासऱ्याने सुनेला जपायला दिलेली. मी दोन्ही तुकडे एकमेकांना लावले. मधून केससुद्धा गेला नसता.

कप्तानाने खांदे उडवले. तुर्काने पेन्सिलीने नकाशावरची रेघ खोडली आणि पुन्हा काढली. त्यांच्यासाठी ते तेवढंच होतं. झरा जोऱ्याला गेला. घादीर माझ्या पायांपाशी थुंकला आणि तो मरेपर्यंत माझ्याशी बोलला नाही. बाकीचेही फार बोलले नाहीत. मी त्यांना दोष देत नाही. ते अजूनही दोन तास चालून पाणी आणतात.

पण मला त्या घटकेला हलकं वाटत होतं. मातीने भरलेले हात घेऊन मी फिद्दाकडे वळलो. वाटलं, आता ती हसेल, आता अंजीर घेईल.

ती माझ्याकडे बघत होती. “एवढंच?” ती म्हणाली.

यूनसने तिला उचलून घेतलं. ढग आमच्या अंगावर आला आणि ती दिसेनाशी झाली.

महिन्याभरात पहारे बसले. त्याआधीच वहिनीने घर आवरलं, सुपं गाढवावर लादली आणि पलीकडे गेली. मी अडवायला गेलो तर म्हणाली, “भाऊजी, माझा माणूस तिकडे आहे. अजून सात-आठ वर्षांत त्याचं लग्न करायला लागेल, मी नको का?” आणि हसली. तिने खरंच ते लग्न लावलं म्हणतात, बोहल्याशेजारी उभी राहून, आणि जावयाला तंबाखू न खाण्याची शपथ घातली. वहिनी वारली तेव्हा फिद्दाने विधवेसारखे केस मोकळे सोडून सुतक पाळलं, असं आलेल्या माणसाने सांगितलं.

खिद्रच्या सणाला दोन्हीकडचे शिपाई थोडे डोळे मिटून घेतात. तेव्हा आम्ही बुत्माच्या अलीकडे उभे राहतो, जोऱ्याची माणसं झऱ्याकडे, आणि मधल्या मोकळ्या जागेवरून ओरडून एकमेकांना बाळंतपणं नि मयती सांगतो. फिद्दा दर वर्षी येते. आता तिशी उलटली आहे तिची, मुलं आहेत. सगळ्यांचं ओरडून झालं की ती एकटी पुढे येते आणि हाताचा भोंगा करून विचारते, “दीबो! काही सांगायचंय का?”

लोकांना वाटतं ती माझी खुशाली विचारते. मी दर वर्षी हात हलवतो आणि ओरडतो, “काही नाही! सगळं ठीक!” मग ती थोडा वेळ उभी राहते आणि जाते. घरी येऊन मी जोडे काढतो, आणि सकाळी ते उलटे असतात. घरात मी एकटा राहतो.

यंदा मी सणाला जाऊ शकलो नाही. छातीत पाणी झालंय, डॉक्टर म्हणाला, आणि त्याने औषधाचे पैसे घेतले नाहीत, त्यावरून काय ते कळलं. मरणाला मी भीत नाही. परत येण्याला भितो. कुठल्यातरी घरात, कदाचित जोऱ्यातच, एक पोर तिसऱ्या वर्षी तोंड उघडेल, आई त्याच्या तोंडाशी कान नेईल, आणि माझ्या घशातलं त्या निष्पाप लेकराच्या तोंडून बाहेर पडेल. ते ओझं मला कुणाच्या लेकरावर टाकायचं नाही. म्हणून शाळेतल्या मास्तराला शेजारी बसवून हे सगळं लिहवून घेतोय. तो मधूनमधून माझ्याकडे बघतो. त्याने बघू नये, लिहावं.

मी दगड हलवला त्या दुपारी सक्र माझ्यामागून वर आला होता. त्याने माझी साखळी उचलली, तिचं टोक डाव्या हाताला गुंडाळलं आणि म्हणाला, चल, मोजून दगड परत जागेवर ठेवू, मी अब्बांच्या हुकमाने तुझा गाल लाल केलाय तो फुकट नाही. मी मागचं टोक धरलं. तो पुढे चालत गेला. ढग आला, कड्यापाशी त्याचा पाय गेला, एवढं खरं आहे. पण तो पडला नाही. साखळी ताणली गेली. मी खडकाला पाय लावून पालथा पडलो आणि धरून ठेवलं. मला तो दिसत नव्हता, फक्त वजन कळत होतं. ढगातून त्याचा आवाज आला, अगदी शांत. “ओढ, दीबो. मग दगड परत नेऊ.”

मी ओढू शकलो असतो. बेलानच्या वाऱ्यात धरून ठेवणारे हात होते माझे. हात घामाने निसटला, असं मी स्वतःला हजार वेळा सांगून बघितलं. मला आमची वाळलेली तुती दिसली, झरा दिसला, आणि उद्या सकाळी हा घादीरसमोर काय सांगेल ते दिसलं. मग त्याच्या बोलण्यातला ‘दगड परत’ एवढाच भाग माझ्या कानात राहिला.

नाही फिद्दा, एवढंच नाही. तू घसरला नव्हतास. साखळी मी सोडली.